मुठीचे तांदूळ

१५ जून २००८, रविवार

सरिता, चष्मा तुझ्या डोक्यावरच आहे. हे आधी लिही, म्हणजे मला परत वाचून दाखवताना घरभर शोधत फिरणार नाहीस. आणि गॅसवर दूध ठेवलंयस, तेही लिही. अर्धा जन्म विसरण्यात गेला या बाईचा, आणि हिलाच मी माझी आठवण सांभाळायला बसवलं आहे!

आता माझं. मला अक्षर येत नाही, बोलता येतं. आमचे म्हातारे होते तोवर दिवे लागले की दिवसभराचं त्यांना सांगायची. ते ऐकता ऐकता झोपायचे. आता वहीला सांगते. वही झोपत नाही, एवढाच फरक. तोंड माझं, हात सुनेचा. ती माझं 'मले' पुसून 'मला' लिहिते. शिकलेली आहे, लिहू दे.

सिरोंच्याचं घर बंद करून मला इथं आणलं. माझा मुलगा याकोब कोळशाच्या खाणीवर डंपर चालवतो. चांद्याच्या बाहेर इरई नदीकडे नवे लेआउट पडलेत. तिथं रामाजी म्हणून तलावात मासे मारणारा म्हातारा आहे, त्याच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. गल्लीच्या एका टोकाला देवीचा ओटा, दुसऱ्या टोकाला बुद्धविहार, मधे अत्तरवाल्या मुसलमानाचं घर. कोळशाची धूळ मात्र सगळ्यांच्या दोरीवर सारखीच बसते.

देऊळ नाही. आपलं ख्रिस्ती, प्रार्थनेचं. आज रविवार आणि मी घरात बसून लसूण सोलला.

आमच्या घरात एक रीत आहे, माझ्या आईपासूनची. भाताचे तांदूळ काढले की त्यातली एक मूठ आधी बाजूच्या मडक्यात. ती देवाची. रविवारी मडकं देवळात न्यायचं. त्यातून पाळकबाबांची चूल चालायची, विधवांची चालायची, कुणी पडलं-आजारलं त्याची. घरच्यांनी त्यातला दाणा खायचा नाही, काहीही अडचण येवो. इथं आल्यापासून मूठ मी टाकतेच आहे. न्यायची कुठे? मडकं गळ्यापर्यंत आलं.

सरिता म्हणते, "आई, मूठ बंद करा आता." मूठ बंद असते म्हणून तर तांदूळ खाली सांडत नाहीत, बाई.

२२ जून

याकोबनं ऑटो करून शहरातल्या मोठ्या चर्चला नेलं. केरळची माणसं. स्वच्छ, शांत, सगळ्यांच्या केसांना तेल. मला कळेना उठायचं कधी, गुडघे टेकायचे कधी. पुढच्या बाईकडे बघून करत राहिले. ती पडलेला रुमाल उचलायला वाकली, मीही वाकले. डिंपल — नात, सातवीत आहे — तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

मडकं दाखवलं तर फादर म्हणाले, "अम्मा, यहाँ चावल कौन पकाएगा?" माणूस भला. पण इतक्या माणसांत मला माझाच आवाज ऐकू आला नाही.

२९ जून

आज दुसरं देऊळ. जुनं, दगडी, गाणी मराठीत. मी मोठ्यानं म्हटली. बाकावरच्या बायांनी वळून पाहिलं.

सेक्रेटरी म्हणाले, "जुन्या मंडळीचा दाखला आणा, मग नाव लावू." प्राणहितेला पूर आहे, सिरोंच्याच्या पाळकबाबांचा दाखला यायला पावसाळा जाईल. तांदळाचं विचारलं. "आजकाल पाकीट असते, बाई."

परत येताना मडकं मांडीवर. ऑटोवाला म्हणे, "आजी, दही हाय काय?"

४ जुलै

मडकं भरलं. दुसरं सुरू केलं.

१२ जुलै

भिंतीपलीकडे सत्यशीलाबाई राहतात. दवाखान्यात सिस्टर होत्या, आता रिटायर. एकट्याच. पांढरी साडी, कडक आवाज, आणि हात इतका हलका की माझ्या बोटातलं कुसळ निघालं ते मला कळलं नाही.

म्हणाल्या, "तुमच्या घरातून गाणं येते आजी. पण खिडकी लावून म्हनता. उघडी ठेवा."

म्हटलं, लोकांना त्रास नको.

"उघड्या खिडकीचा त्रास होत नाई. बंद खिडकीचा होते. आत काय चाललं, ते मंग लोक आपल्या मनानं ठरवते. आम्ही छप्पन सालापासून पाहून राह्यलो."

"छप्पन साली तुम्ही शेंबूड पुसत असाल."

"पुसता पुसताच पाहून राह्यलो होतो."

मला ही बाई आवडली. खिडकी उघडली.

२० जुलै, रविवार

खिडकी उघडून तांदूळ निवडत होते, आपली तेलुगू गाणी चालू. पहिली ओळ माझी झाली आणि दुसरी रस्त्यावरून कुणीतरी उचलली. पुरुषाचा आवाज, घोगरा, पण ठिकाणावर. पाहिलं तर एक म्हातारा, सायकलच्या कॅरिअरवर दळणाचा डबा.

"अक्का, सिरोंच्याचे काय?"

पोचू त्याचं नाव. जन्म खाणीत काढला, बायको वारली, गल्लीच्या शेवटच्या प्लॉटवर टिनाच्या शेडमधे राहतो. तिथंच रविवारी खाणीवरची दोन-तीन घरं जमतात. पाळक नाही, पेटी नाही, दाखला कुणी मागत नाही.

लगेच चप्पल घातली. सरिता म्हणाली, "आई, कुकर." कुकरला मी काय करू? तो त्याच्या वेळेला शिट्टी देईल.

फार दिवसांनी पोट भरून गायले. एवढंच सांगायचं होतं.

नाही, अजून एक. परत येताना कोपऱ्यावर दोन मोटारसायकली उभ्या होत्या. मी म्हटलं, "काय रे पोरांनो, पेट्रोल संपलं का?" कुणी हसलं नाही. आम्ही सगळे पांगेपर्यंत ती पोरं तशीच उभी होती.

३ ऑगस्ट, रविवार

आज मुठीचा निकाल लागला. पाळक नाही तर द्यायचे कुणाला? पोचू म्हणाला, "अक्का, ज्याची चूल विझली त्याले द्या. तेवढ्यासाठीच होते ना ते?" सगळ्यांनी मान हलवली.

चूल विझलेली आमच्या समोरच आहे. अर्धवट उभ्या इमारतीवर सोमारी रेती वाहते. जिवतीच्या डोंगराकडची गोंडीण. तिथंच कोरड्या विटा रचून राहते. नवऱ्याच्या पायावरून ट्रॉली गेली, तो पडून. दोन लेकरं.

मडकं घेऊन गेले. ती मागे सरकली. "काऊन देता आजी?"

"माझे नाहीत. देवाचे आहेत."

"कोनत्या देवाचे?"

मी म्हटलं, "भात झाला की सगळ्यांचाच असतो. पदर धर."

धरला. मोठं लेकरू कच्चेच तोंडात टाकायला लागलं.

१७ ऑगस्ट

सोमारी आज पोचूच्या शेडपाशी आली. दाराबाहेर, लेकरं मांडीवर घेऊन बसली. मी बाहेर जाऊन स्पष्ट सांगितलं — तांदूळ घेतले म्हणून यायचं नाही. तुझा पेन, तुमचा गोंडांचा देव, तुझ्याकडे बघतो आहे, त्याला राग यायचा.

म्हणाली, "सावली हाय म्हून बसली. गाणं बरं वाटते. जाऊ काय?"

तिला जा कसं म्हणायचं?

३१ ऑगस्ट

काल पोळा झाला. रामाजीनं झिंगे आणून दिले. भाडेकरूला मालक झिंगे देतो हे मी सिरोंच्यात सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही.

त्याचा मुलगा भूपेश गल्लीतल्या देवीच्या मंडळाचा पुढारी आहे. उंच, देखणा, शर्टाला इस्त्री. आज ओट्यावर येऊन बसला. पाणी घेतलं नाही.

"आजी, रविवारी पोचूकाकाकडं किती मानसं असते?"

"तूच तर कोपऱ्यावर उभा असतोस. मोजायला येत नाही का?"

हसला. पण दात दिसले नाहीत. म्हणाला, "आन् ते सोमारी काऊन येते तिथं?"

"सावलीला."

"सावली आमच्या मांडवात बी हाय, आजी."

उठून गेला. इस्त्रीच्या शर्टाला आमच्या भिंतीचा चुना लागला होता. सांगणार होते, राहिलं.

७ सप्टेंबर

गणपती बसले. गल्लीत घरोघर प्रसाद गेला. आमच्या दारावरून ताट पुढं गेलं. नेणारी बाई रोजची ओळखीची. आमच्या दारापुढं ती भरभर चालली.

सरिता म्हणाली, विसरली असेल. सरिताला सगळे आपल्यासारखेच वाटतात.

ओरिसात देवळं जाळली म्हणून याकोबनं पेपरात वाचलं. मोठ्यानं वाचायला लागला आणि मधेच थांबला. पेपर घडी करून गादीखाली ठेवला. बातमी अशी दडपून राहत असती तर काय हवं होतं.

१४ सप्टेंबर

प्रार्थना चालू असताना पत्र्यावर खडे पडले. एक, मग थोडं थांबून दुसरा. कुणी गाणं सोडलं नाही. पण डोळे सगळ्यांचे उघडे होते.

२१ सप्टेंबर

आज रामाजी आला. हात रिकामे. बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "बाई, रागावू नका. हे तांदूर कोठून येते तुमच्याकडं?"

"कुठले?"

"तेच. वाटता ते. लोक म्हनते बाहेरदेशातून पोते येते."

मी हसत सुटले. म्हटलं, "रामाजीभाऊ, राशनच्या दुकानातले आहेत. खडे दाखवू का? बाहेरदेशात इतके खडे नसतील."

तो हसला नाही. माझ्याकडे पाहत होता. आजारी माणसाकडे पाहतात ना, तसा.

२५ सप्टेंबर

डिंपलनं शाळेतून येऊन दप्तर फेकलं. मग रडत सांगितलं. वर्गातल्या मुली म्हणाल्या, तुझ्या घरी देव बदलला की तांदूळ भेटतात ना?

सत्यशीलाबाई भिंतीवरून ऐकत होत्या. आत आल्या आणि दार लावलं. खिडक्या उघड्या ठेवायला सांगणारी बाई — आज तिनं दार लावलं.

"आजी, सोमारीले तांदूर देनं बंद करा. नाताळात तिले पान्यात बुडवून किरिस्ताव करनार म्हनून गल्लीभर झालं. मंडळातले पोरं मोठ्या मानसाइले जाऊन भेटले."

"आणि तिची लेकरं?"

"ते मी पाहतो. माझे तांदूर कोनाले खटकत नाई."

खरं आहे. तेच तांदूळ, तेच दुकान. हात बदलला की दाणा बदलतो.

२८ सप्टेंबर

सोमारीचं सत्यशीलाबाईंनी हाती घेतलं. मूठ मी सोडली नाही. सोडणार नाही. आईच्या हाताची रीत, भूपेशच्या भीतीनं मोडायची?

पण मला एक सुचलं आहे. एकालाच दिलं म्हणून आमिष झालं. सगळ्यांना दिलं तर कसलं आमिष? सरिताला सांगितलं. ती लिहायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. लिही, लिही. बघतेस काय.

७ ऑक्टोबर

नवरात्र चालू आहे. मंडळाच्या महाप्रसादाला घरोघर शिधा गोळा करतात. पोतं घेऊन रामाजीच फिरतो, वयानं मोठा म्हणून. आमच्या दाराशी घुटमळला. मागू की नको.

मी मडकं घेऊन बाहेर आले. लपवाछपवी नको म्हणून मोठ्यानं विचारलं — "हे आमचे मुठीचे आहेत, रामाजीभाऊ. देवासाठी बाजूला काढलेले. चालतील का तुम्हाला?"

त्यानं गल्लीत इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग पोत्याचं तोंड उघडून धरलं.

"ओता बाई. अन्न हाय."

मला इतकं हलकं वाटलं की येताना उंबऱ्याला ठेचकाळले. आता बोला म्हणावं!

१० ऑक्टोबर

काल दसरा झाला, आज महाप्रसाद होता. माझ्याच तोंडानं घात केला.

पंगत बसली. मीही बसले, सरिता नको म्हणत होती तरी. भात मऊ झाला होता. शेजारच्या बाईला मी म्हटलं, "भात चांगला जमलाय. आमचीही मूठ आहे हो यात."

आमच्याकडे असंच सांगतात. ज्याच्या मुठीचं अन्न शिजलं तो पंगतीत सांगतो, आणि जेवणारा म्हणतो, तुझी चूल पेटती राहो. मी त्याचीच वाट पाहत होते. खरंच सांगते वही, मी तिच्या तोंडाकडे पाहत बसले होते, आता म्हणेल, मग म्हणेल.

ती हसली आधी. मग तिचा हात पानावरच राहिला. तिनं पलीकडच्या बाईला सांगितलं. तिनं पुढचीला. वीज गेल्यावर पंखा थांबत जातो तशी पंगत थांबत गेली. भूपेश वरण वाढत होता. त्याच्या हातात बादली होती. ती तो खालीही ठेवेना आणि पुढंही जाईना.

"कोनी घेतले ह्यांचे तांदूर?"

मी रामाजीकडे पाहिलं नाही. मुद्दामच.

सगळा भात नदीकडं नेऊन पालथा केला. कुत्र्यांनी पोटभर खाल्लं.

११ ऑक्टोबर

मंडळाची बैठक आमच्याच अंगणात झाली — अंगण रामाजीचं, त्याला नाही कसं म्हणणार. आम्ही आत. सगळं ऐकू येत होतं.

भूपेशनं बापाला सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, तुमाले माहीत होतं?"

रामाजी आधी बराच खोकला.

"मले माहीत नव्हतं," म्हणाला.

सरितानं माझा हात धरला. म्हणाली, "आई, तुम्ही बाहेर जाऊन सांगत काऊन नाई? दारात सांगून दिले होते तुम्ही. मी ऐकलं."

त्याला त्याच पोराच्या हाताखाली म्हातारपण काढायचं आहे. मी कशाला सांगू.

१३ ऑक्टोबर

तीन लेकरांना ओकाऱ्या झाल्या. भातात मंतरलेलं पाणी होतं म्हणतात. सत्यशीलाबाई जाऊन पाहून आल्या. "बुंदी जास्त झाली आन् ऊन लागलं. मी सांगून राह्यलो, कोनी ऐकून नाई राह्यलं."

रामाजीच्या बायकोकडून निरोप आला. दिवाळीआधी खोल्या खाली करा. ती दारात उभी राहून आमच्या उंबऱ्याशी बोलली, आमच्याशी नाही.

दुसरा निरोप भूपेशचा, पोचूकडं. रविवारी शेडमधे कोणी दिसलं तर पाहून घेऊ.

१४ ऑक्टोबर

सोमारी गेली. कोरपन्याकडे कापूस वेचायला. नवऱ्याला हातगाडीवर निजवून नेलं. जाताना आमच्या दाराशी थांबली, सगळ्या गल्लीसमोर. मी हातानं जा जा म्हणत होते.

भूपेशनं तिला बोलावून विचारलं होतं म्हणे, तांदळाच्या बदल्यात काय करायला लावलं? म्हणाली, "मी त्याले सांगतली आजी. तांदूर खाल्ले, म्हून माझा देव नाई बदलला. त्याले पटली नाई. तो म्हने, खरं सांग."

लहान लेकरू माझ्या लुगड्याला धरून होतं. सोडवायला वेळ लागला.

१६ ऑक्टोबर

याकोब खाणीवरून आला. अंघोळ न करता बसला, काळाच. म्हणाला, "अम्मा, एक रविवार नाही गेलो तर देव काही म्हणणार नाही."

"देव नाही रे म्हणायचा. पण पुढचा रविवार मग कोण देणार आपल्याला?"

त्यानं गुडघे जवळ घेतले. डोळे तेवढे पांढरे दिसत होते. लहानपणी अंधाराला भ्यायचा, तेव्हा असाच बसायचा. मी त्याच्या आईसारखी वागते आहे की त्याच्या वैऱ्यासारखी, हे मला आज सांगता येत नाही. सरितालाही विचारलं. तिनं प्रश्न तेवढा लिहून घेतला.

सत्यशीलाबाई आज चांद्याच्या दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. तिथून आल्या त्या सरळ इकडेच, पायाला धूळ.

"रविवारी मी तुमच्यासंग येतो. गाणं म्हननार नाई. पायरीवर बसून राहीन."

"तुमच्या विहाराचे लोक बोलतील."

"बोलूनच राह्यले."

१८ ऑक्टोबर

पोचू येऊन गेला. बाकीची घरं उद्या येणार नाहीत. खाणीवरच्या लोकांनाही कुणीतरी भेटून गेलं. तो म्हणाला, "अक्का, मी तर तिथंच राहतो. मी कुठी जाऊ?"

म्हणजे उद्या तो, मी, याकोब. आणि पायरीवर एक सिस्टर.

सरिता डिंपलला घेऊन घरीच थांबेल. मी सांगितलं म्हणून नाही. याकोबनं सांगितलं, आणि त्याचा आवाज असा होता की ती उलटून बोलली नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

निघतो आहोत. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या लावलेल्या आहेत. इतक्या उन्हात.

१९ ऑक्टोबर, दुपार

सरिता, अक्षर वेगळं दिसेल, घाबरू नकोस. ठाण्याच्या ओसरीवर शिपाई गिरजाबाई लिहून देतात. त्या 'मले' तसंच राहू देत होत्या, मीच म्हटलं, सुनेला सवय नाही. हे पान वहीत ठेव.

गाणं सुरू व्हायच्या आधीच शेडला गराडा पडला. मग पोलिसांची गाडी आली आणि आम्हाला इकडं आणलं. मला काही झालं नाही. याकोबच्या कपाळाला खोक आहे, सत्यशीलाबाईंनी स्वतःच्या पदरानं बांधली. हे पान घेऊन त्या आता घराकडं निघतील. त्या आल्या की तू आणि डिंपल त्यांच्याकडेच राहा. मग आपल्या खोल्यांकडं परत जाऊ नकोस, काही आणायलासुद्धा नाही.

याकोब आणि पोचू आत बसलेत. प्रसाद बाटवला, भावना दुखावल्या, अशी तक्रार आहे. साहेबांनी विचारलं, तांदूळ फसवून मिसळले का. मी म्हटलं, सांगून दिले. कुणाला सांगितलं, ते मी बोलले नाही.

तेवढ्यात रामाजी आला. अनवाणी. म्हणाला, "मले सांगतलं होतं बाईनं. मी आयकून घेतले, मीच कढईत ओतले. बैठकीत खोटं बोललो. माझं नाव लिवा." साहेब म्हणाले, म्हातारबा, घरी जा. तो जाईना. आता याकोबच्या शेजारी भिंतीला टेकून बसला आहे.

सकाळी फाटकाबाहेरची पोरं आमच्या नावानं ओरडत होती. आता रामाजीच्या नावानं ओरडताहेत. माणसं वाढली आहेत. भूपेश त्यांच्यात नाही. चिंचेखाली एकटा उभा आहे. आत येत नाही, घरीही जात नाही. सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या. मी फाटकाच्या गजातून विचारलं, काही खाल्लंस का, त्यानं नाही म्हणून मान हलवली.

डबा सत्यशीलाबाईंच्या हातीच पाठव. भाकरी जास्तीच्या कर, वांग्याची भाजी कोरडी. रामाजीला दात नाहीत, त्याला वरण पातळ. भूपेशचा डबा वेगळा बांध. आमच्या घरचा आहे, हे त्याला आधी सांगायचं, मग खायचं की नाही ते तो ठरवील. मिरची भरपूर घाल, आणि एक कांदा फोडून ठेव.